कालिंदीबाईंचा केसपेपर

वृंदा आगटेला आपलं मराठी चांगलं आहे असं वाटत असे. बागबाजारच्या त्या गल्लीत मराठी घर एकच, आगट्यांचं, त्यामुळे ताडून पाहायला दुसरं मराठी आसपास नव्हतंच. आजोबा पोस्टाच्या नोकरीपायी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. वडील, शशिकांत आगटे, शाळेत गणित शिकवायचे. वृंदा सहा वर्षांची असताना आई गेली, आणि वडिलांची विधवा बहीण, पुष्पाआत्या, नागपूरहून येऊन घर सांभाळू लागली. आत्या मराठीत बोले, वृंदा निम्मं बंगालीत उत्तर देई, आणि दोघींचं त्यात छान भागे. मेडिकल कॉलेजात मुलं तिला गमतीनं 'बर्गी' म्हणत. मराठ्यांच्या जुन्या स्वाऱ्यांची आठवण बंगाली माणसानं त्या एका शब्दात जपून ठेवली होती. वृंदाला ते नाव आवडायचं. इथल्यांपेक्षा एक भाषा आपल्याजवळ जास्त आहे, असं तिच्या मनात असे.

१९७३ च्या फेब्रुवारीत ती एका मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टर सान्यालांच्या हाताखाली हाउस फिजिशियन होती. सान्याल पंचावन्नचे, उंच, हळू आवाजात बोलणारे. ते कधी कुणावर ओरडत नसत. नाराज झाले की त्या माणसाकडे बघणंच सोडून देत, आणि त्याची धास्ती ओरडण्यापेक्षा जास्त होती.

एका सोमवारी सकाळी बायकांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर एक बाई दाखल झाल्या. कालिंदी खांबेटे, वय छत्तीस. नवरा दिगंबर खांबेटे, खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचा अधिकारी, चार महिन्यांपूर्वीच कांडल्याहून बदलून आलेला. बाईंच्या हातांची नुसती हाडं राहिली होती आणि पोट मात्र पाण्यानं टम्म फुगलेलं. पावलं सुजून त्यांवरची कातडी चकाकत होती. गळ्याच्या पुढच्या बाजूला मोठी गाठ होती आणि डोळे असे बाहेर आलेले की बाई कायम दचकलेल्या वाटाव्यात. थंडीचे दिवस असून त्यांनी पांघरूण पायाशी लोटलं होतं, आणि कपाळावर घाम होता. वृंदानं मनगट धरलं. नाडी नुसती पळत नव्हती, ठेचकाळत पळत होती, मध्येच चुकत होती. डोळ्यांच्या पांढऱ्यात किंचित पिवळी झाक होती.

सान्यालांनी बाईंना तपासलं आणि विद्यार्थ्यांना थोडं बाजूला घेऊन सांगितलं, "थायरॉइडची गाठ बेफाम सुटली आहे. शरीराची भट्टी रात्रंदिवस पेटलेली. त्या आचेत हृदय पळून पळून थकलंय, त्याला रक्त पुढे ढकलता येत नाही. ते मागे तुंबून यकृत सुजलंय. मूळ एकच आहे, पण आता तिन्ही ठिकाणं धोक्यात आहेत." मग त्यांनी विचारलं, "बाईंना बंगाली येत नाही. हिंदी जेमतेम. कोण बोलेल यांच्याशी?"

"मी, सर," वृंदा म्हणाली. "माझी मातृभाषा आहे."

"उत्तम. सगळा पूर्वेतिहास नीट विचारून घ्या. विशेषतः आधी काय औषधं झाली ते."

दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर वृंदा स्टूल ओढून खाटेशी बसली. कालिंदीबाईंनी तिच्या तोंडून मराठी ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "चार महिन्यांत यांच्याशिवाय कुणाशी बोलले नव्हते हो," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई, तुम्ही आपल्यातल्या निघालात. आता मला काळजी नाही."

वृंदानं कागद मांडीवर घेतला. "तुमचा छाती धडधडतो?"

कालिंदीबाईंना इतक्या आजारातही हसू आलं. "छाती धडधडते," त्या म्हणाल्या. वाईट काही नव्हतं त्यात, लहान मुलीला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पण त्या हसल्या म्हणून शेजारच्या खाटेवरची बाई हसली, आणि तिला पाहून औषधांची ट्रॉली घेऊन चाललेली सिस्टरही हसली. वृंदाचे कान तापले. त्यानंतर ती प्रश्न तुटक, दोन-दोन शब्दांचे विचारू लागली, आणि उत्तर कळलं नाही तरी मान हलवू लागली. बरंचसं कळत होतंच.

"आधी औषध? गळ्यासाठी?"

"मागल्या साली घेतलं होतं की. हे कांडल्याला होते आणि मी वाईला माहेरी होते तेव्हा. भाऊ मला मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी गळ्याच्या गोळ्या दिल्या. महिनाभर घेतल्या आणि मला कावीळ झाली. मग भावानंच त्या बंद करवल्या. बंद केल्यावर गेली."

कावीळ. वृंदाचं पेन थांबलं. हा शब्द तिनं घरी ऐकला नव्हता. म्हणजे, निदान तसा ऐकल्याचं आठवत नव्हतं. पण आत्या दिवसातून चारदा म्हणे, "कावले गं बाई मी," "जीव कावून गेला नुसता." कामवाली आली नाही की कावायची, वीज गेली की कावायची. तेव्हा कावीळ म्हणजे तेच असणार, चिडचीड, वैताग. विचारावं का, असं एकदा तिच्या मनात आलं. ट्रॉलीवाली सिस्टर अजून जवळच होती. वृंदानं मान हलवली आणि, गळ्याच्या गोळ्या म्हणजे कार्बिमाझोलच असं धरून, लिहिलं: गेल्या वर्षी कार्बिमाझोल महिनाभर, चिडचीड वाढल्याने भावाने बंद केले.

संध्याकाळी दिगंबर खांबेटे भेटायला आले. दाराशी वृंदाला गाठून म्हणाले, "वाईला असताना हिनं गोळ्या सोडल्या होत्या, डॉक्टर. का ते मला नीट माहीत नाही. मी लांब होतो, आणि मला काळजी नको म्हणून ही पत्रात कधी धड लिहायची नाही. तुम्ही विचारलंत का?"

"विचारलं. सगळं सांगितलं त्यांनी," वृंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशीच्या राउंडला सान्यालांनी तिचा कागद वाचला. "चिडचीड," ते म्हणाले. "चिडचीड या रोगाचीच. गोळ्या पुरेशा पडल्या नाहीत एवढाच त्याचा अर्थ." त्यांनी कार्बिमाझोलचा भरपूर डोस लिहिला. हृदयासाठी डिजॉक्सिन, पाणी उतरवायला इंजेक्शनं. महिन्या-दीड महिन्यात गाठ थंडावली की किरणोत्सारी आयोडीन पाजायचं, असा त्यांचा बेत होता. ते आयोडीन गाठीतच जाऊन बसतं आणि तिला आतून जाळतं.

पहिले चार दिवस चांगले गेले. पावलांची सूज उतरली, कालिंदीबाई उशीला टेकून झोपू लागल्या. वृंदाला सांगायला त्यांच्याकडे रोज काहीतरी असे. वाईचा घाट, भावाचं किराणा दुकान, मूल झालं नाही त्याची खंत. पाचव्या दिवशी अंगाला खाज सुटली. सातव्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे दिसू लागले. आठव्या दिवशी त्यांनी जेवण परत पाठवलं, आणि नवव्या दिवशी त्या दिवसा झोपू आणि जागेपणी बरळू लागल्या. सान्यालांनी यकृताच्या तपासण्या परत करवल्या. आकडे चौपट झाले होते. "हृदय सुधारतंय आणि यकृत बिघडतंय," ते कागद हातात धरून म्हणाले. "हे जुळत नाही."

शनिवारी दुपारी वृंदा बाईंचं रक्त काढत होती. कालिंदीबाईंनी डोळे उघडले. ओळखलं की नाही कोण जाणे. जड जिभेनं म्हणाल्या, "परत कावीळ झाली ना. सांगितलं होतं मी... गोळ्यांनी होते..." आणि डोळे मिटले.

ट्रामनं घरी येताना तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना. आत्या स्वयंपाकघरात पीठ मळत होती. वृंदानं चपलाही काढल्या नाहीत.

"आत्या, कावीळ म्हणजे काय?"

"कावीळ? कुणाला झाली?" आत्यानं मान वर केली. "अगं डोळे पिवळे होतात, लघवी पिवळी होते, ती. तुझ्या बाबांना लहानपणी झाली होती, आईनं महिनाभर उसाचा रस पाजला होता. तुम्ही लोक जॉन्डिस म्हणता बघ, तेच."

वृंदा तशीच दारात मागे सरली.

"काय झालं गं?"

"काही नाही."

काही नाही कसं? ज्या गोळ्यांनी बाईंचं यकृत एकदा बिघडलं होतं, त्याच गोळ्या भरपूर डोसानं बारा दिवस चालल्या होत्या. बाईंनी पहिल्याच दिवशी, स्वच्छ शब्दांत, तिच्या तोंडासमोर सांगितलं होतं. वाईतल्या कुठल्याही सहा वर्षांच्या पोराला तो शब्द कळला असता.

तिनं त्याच वेळी निघायला हवं होतं. सान्यालांचं घर श्यामबाजारला, पायी वीस मिनिटांवर. त्याऐवजी तिनं कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून वॉर्डात फोन लावला आणि सिस्टरला सांगितलं की अकरा नंबरच्या गळ्याच्या गोळ्या उद्या देऊ नका, उलट्यांचा त्रास आहे, सोमवारी सर बघतील. उलट्या नव्हत्याच. रविवारी तिची सुटी होती. तो सबंध दिवस ती वाक्यं जुळवत बसली. सर, माझी चूक झाली. सर, मला तो शब्द येत नव्हता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला सान्याल दिसत, तिच्यावरून नजर काढून दुसरीकडे बघणारे. आणि त्यामागे तिचाच आवाज ऐकू येई: माझी मातृभाषा आहे.

सोमवारी राउंडच्या अर्धा तास आधी तिनं केसपेपर उघडला आणि नव्या तारखेखाली लिहिलं: रुग्णाने आज शुद्धीवर असताना सांगितले की गेल्या वर्षी कार्बिमाझोलने कावीळ झाली होती व औषध बंद केल्यावर ती बरी झाली. इंग्रजीत लिहिलं, नीट वळणदार अक्षरात. लिहिताना एकही शब्द खोडावा लागला नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

सान्यालांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढला. "गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद," ते म्हणाले. मग विद्यार्थ्यांकडे वळले. "बघितलंत? यकृत का बिघडतंय हे गेले चार दिवस मला कळत नव्हतं. बाई गुंगीत आहेत. त्यातूनही डॉक्टर आगट्यांनी त्यांच्याकडून हे काढून घेतलं, कारण त्या त्यांच्या भाषेत बोलतात. हे यंत्रानं होत नाही." आणि वृंदाकडे बघून त्यांनी मान किंचित झुकवली. दोन वर्षांत तिनं त्यांना असं कुणासाठीही करताना पाहिलं नव्हतं.

ती "थँक यू, सर" म्हणाली.

त्यानंतरचे पंधरा दिवस बिकट होते. गोळ्या थांबल्या तशी गाठ पुन्हा मोकाट सुटली. एकीकडे यकृत सावरेपर्यंत बाईंना ग्लुकोजवर ठेवायचं, प्रथिनं वर्ज्य करायची, आतड्यांसाठी निओमायसिन, वर प्रेडनिसोलोन. दुसरीकडे हृदय धरून ठेवायचं. आयोडीनसाठी वाट बघायला आता वेळ नव्हता. सान्यालांनी मुंबईला तुर्भ्याच्या अणुकेंद्राला तार केली. तिथून पंधरवड्याला एकदा विमानानं डमडमला डबे येत. शिशाचा जड डबा, आत बोटभर बाटली, बाटलीत पाण्यासारखंच दिसणारं पाणी. कालिंदीबाई तोवर जाग्या राहू लागल्या होत्या. वृंदानं त्यांना नळी तोंडात धरायला सांगितलं, आणि त्या निमूटपणे सगळं प्यायल्या.

"कसं लागलं?" तिनं विचारलं.

"कसलीच चव नाही. यानं बरी होईन?"

"होईल," वृंदा म्हणाली. होईन की होईल की व्हाल, तिला नक्की माहीत नव्हतं.

त्यांना वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत एकटं ठेवलं. पाच दिवस फार जवळ कुणी जायचं नाही, भांडं वेगळं, लघवी वेगळ्या डब्यात. आया तिथे फिरकायला घाबरू लागल्या. वृंदा ती कामं स्वतः करू लागली, आणि वॉर्डात तिच्या सेवाभावाचं कौतुक झालं. तेही तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी गाठीतला सगळा साठा एकदम रक्तात सुटला. ताप एकशे तीन, नाडी एकशे सत्तर. सान्याल सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून खाटेपाशी बसले, थंड पाण्याच्या पट्ट्या स्वतः बदलत. वृंदा समोर उभी होती. बाई गेल्या तर खरं कुणालाच कधी कळणार नाही, हा विचार तिच्या मनात आला. आला तो आलाच. ती बाहेर जाऊन बेसिनवर तोंड धुऊन आली.

बाई गेल्या नाहीत. चौथ्या दिवशी ताप उतरला. मार्च संपता संपता डोळ्यांचा पिवळेपणा गेला, पोटातलं पाणी आटलं, नाडी मोजण्यासारखी झाली. कालिंदीबाई वॉर्डात परत आल्या आणि मागून घेऊन भात खाऊ लागल्या.

एका संध्याकाळी भेटीच्या वेळेला वृंदा शेजारच्या खाटेवर सलाइन लावत होती. दिगंबर खांबेटे बायकोला संत्रं सोलून देत होते. आवाज दबलेला होता, पण शब्द न् शब्द कळत होता.

"सरांनी मला सगळं सांगितलं. एवढी गोष्ट तू पहिल्या दिवशी सांगायला नको होतीस? त्या बिचाऱ्या डॉक्टरांना अंधारात ठेवलंस. मरता मरता वाचलीस."

"मला वाटत होतं, मी सांगितलं."

"वाटत होतं. तुझं नेहमीचंच आहे हे. दुखणं लपवायचं."

"असेल हो," कालिंदीबाई म्हणाल्या. "डोकंच ठिकाणावर नव्हतं माझं." आणि त्यांनी संत्र्याची फोड तशीच हातात धरून ठेवली.

वृंदा सलाइनचे थेंब मोजत होती. एक शब्द बोलायचा अवकाश होता. तिनं थेंब मोजले, पट्टी चिकटवली, आणि पुढच्या खाटेकडे गेली.

बंगाली नववर्ष होऊन गेल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, सान्यालांनी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ती केस निवडली. वीज गेलेली होती, खिडक्या उघड्या होत्या, नऊ मुलं-मुली खाटेभोवती घाम पुसत उभी होती. सान्यालांनी सगळं सांगितलं, गाठ, हृदय, यकृत, गोळ्या, आयोडीन. सोमवारच्या त्या नोंदीपाशी येऊन ते थांबले आणि ती वाचून दाखवली.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "पण सर, बाईंनी हे दाखल होतानाच का नाही सांगितलं?"

"रास्त प्रश्न," सान्याल म्हणाले. "डॉक्टर आगटे, विचारा त्यांना."

वृंदा खाटेकडे वळली. कालिंदीबाई उशीला टेकून बसल्या होत्या, वेणी घातलेली, गाल थोडे भरलेले.

"सर विचारतात," वृंदा म्हणाली, "गोळ्यांनी कावीळ झाली होती ते तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

कालिंदीबाई गोंधळल्या. नवऱ्यापुढे त्यांनी मान्य करून टाकलं होतं, पण आता विचारणारी वृंदा स्वतः होती. "असं काय विचारता, डॉक्टरीणबाई? पहिल्याच दिवशी सांगितलं ना मी. इथेच बसला होतात तुम्ही, स्टुलावर. तुम्ही मान हलवलीत, लिहूनही घेतलंत." मग त्यांचा आवाज उतरला. "की नव्हतं सांगितलं मी? मला आता नक्की सांगता येत नाही. तुम्हीच सांगा."

"काय म्हणतात?" सान्यालांनी विचारलं.

नऊ पेनं वर उचललेली होती. वॉर्डात मराठी कळणारं तिसरं माणूस नव्हतं. त्या म्हणतात, त्यांच्या लक्षात नव्हतं. एवढं म्हटलं की राउंड पुढे सरकला असता. ते वाक्य बंगालीत तिच्या जिभेवर तयारच होतं. कालिंदीबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आपल्याबद्दल काय निकाल लागतो ते ऐकायला बसल्यासारख्या.

"त्या म्हणतात, त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," वृंदा म्हणाली. "आणि ते खरं आहे, सर. त्यांनी जो शब्द वापरला त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. मी विचारलं नाही. मला वाटलं ते मी लिहिलं. आणि ती सोमवारची नोंद खोटी आहे. त्या दिवशी त्या काहीही बोलल्या नव्हत्या."

मागच्या त्या मुलीनं खाली बघितलं. सान्यालांनी केसपेपर मिटला, "पुढची खाट," म्हणाले आणि चालू लागले.

दुपारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

"शब्द आला नाही, ते मी समजू शकतो. माझ्या आयुष्यात मीही मान हलवलेली आहे. सोमवारी काय झालं?"

"हिंमत झाली नाही, सर."

"गोळ्या शनिवारीच थांबवल्या होत्या तुम्ही. सिस्टरनं मला नंतर सांगितलं होतं. मला वाटलं, किती सावध मुलगी आहे."

वृंदानं टेबलावरच्या केसपेपराकडे बघितलं.

"मी सगळ्यांसमोर तुमचं कौतुक केलं. तुम्ही ऐकून घेतलंत."

"हो, सर."

सान्यालांनी केसपेपर तिच्याकडे सरकवला. "ती नोंद खोडू नका. तिच्याखाली आजच्या तारखेनं खरं काय ते लिहा, आणि सही करा." ती लिहीत होती तेवढा वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. नोकरी गेली नाही, वरपर्यंत कळवलंही गेलं नाही. मात्र हाउस-जॉब संपेपर्यंत त्यांनी तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि बोलतानाही केसपेपराकडे बघून.

कालिंदीबाईंना सांगणं जास्त अवघड गेलं. तिनं ते त्याच दिवशी सांगितलं, तुटक, चुकत, मध्ये बंगाली शब्द घालत. कावणे आणि कावीळ यांत तिची गल्लत झाली, हेही सांगितलं. या वेळी कालिंदीबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"सांगितला होता. पहिल्या दिवशी."

"महिनाभर मी स्वतःला बोल लावतेय. रोज आठवून बघायची, सांगितलं का नाही, सांगितलं का नाही. आपलं डोकं फिरलं की काय असं वाटायचं मला." त्यांचा स्वर चढला नव्हता. "हे बोलत होते ते तुम्ही ऐकलंत ना त्या दिवशी? शेजारीच होतात."

"हो."

कालिंदीबाईंनी पाण्याचा पेला उचलला, थोडं पाणी प्यायल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. वृंदा स्टुलावरून उठली.

दिगंबर खांबेटे संध्याकाळी आले. तिनं व्हरांड्यातच त्यांना थांबवून सगळं सांगितलं. हातातला जेवणाचा डबा त्यांनी खाली ठेवला नाही. शेवटी म्हणाले, "मी तिला काय काय बोललो." मग, अगदी सभ्यपणे: "डॉक्टर, यापुढे आपण हिंदीतच बोलू."

घरी तिनं वडिलांना आणि आत्याला सांगितलं. वडील पानावरून उठून गेले. आत्यानं पदर डोळ्यांना लावला, आपणच पोरीला धड शिकवलं नाही म्हणून स्वतःला दोष देत राहिली, आणि ते ऐकताना वृंदाला स्वतःची आणखी किळस आली.

मे महिन्यात कालिंदीबाई घरी गेल्या. जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये त्या तपासणीला आल्या. वजन नऊ किलोनं वाढलेलं, गाठ अर्ध्यावर, नाडी ब्याऐंशी आणि सरळ. त्या वृंदाशी मराठीत बोलत, जरा सावकाश, आणि बोलून झालं की तिच्याकडे बघत थांबत. आधीच्या गप्पा, वाईचा घाट, भावाचं दुकान, यातलं पुन्हा काही आलं नाही. दिगंबर हिंदीतच बोलत.

ऑगस्टमध्ये त्यांची कोचीनला बदली झाली होती. तिथल्या डॉक्टरांसाठी पत्र हवं होतं. वृंदानं ओपीडीच्या टेबलावर ते लिहायला घेतलं. गर्दी होती, तरी तिला तीन पानं लागली. कार्बिमाझोल या रुग्णाला कधीही देऊ नये, हे तिनं वरच लिहून खाली रेघ मारली. पहिल्या दिवशी रुग्णाने स्पष्ट सांगूनही डॉक्टरला ते समजले नाही, त्यामुळे औषध बारा दिवस चालू राहिले, हेही लिहिलं. डॉक्टरच्या जागी स्वतःचं नाव घातलं.

"काय लिहिलंय?" कालिंदीबाईंनी विचारलं.

वृंदानं ते मराठीत सांगितलं. एका ठिकाणी अडली, तेव्हा कालिंदीबाईंनी शब्द पुरवला. दिगंबर उभ्यानं ऐकत होते. त्यांनी पत्र घेतलं, स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"ठीक है," ते म्हणाले, आणि बायकोच्या कोपराखाली हात देऊन तिला उठवलं.

कालिंदीबाई दोन पावलं जाऊन थांबल्या. काही बोलतील असं वृंदाला वाटलं. त्यांनी पदर खांद्यावर नीट केला, तिच्याकडे बघून मान हलवली आणि नवऱ्यामागून दाराबाहेर गेल्या. ती मान कशासाठी होती, हे वृंदाला तेव्हाही कळलं नाही, आणि विचारायला ती त्यांच्या मागे धावली नाही.